आधी ब्रेक, मग इंजिन



गेल्या उन्हाळ्यात पुरंदर तालुक्यातील एका वस्तीवर अंजिराची बाग पाहण्यास गेलो होतो. बाग पाहून झाली, चहा झाला आणि घरचा मुलगा मला गोठ्यामागे घेऊन गेला. आयटीआय केलेला, हातात कसब असलेला मुलगा. तेथे पंपाचे जुने डिझेल इंजिन, भंगारातून आणलेली जीपची चॅसी आणि चार चाके मांडून ठेवली होती.

"साहेब, बग्गी बनवतोय. बागेतून अंजिराचे क्रेट सडकेपर्यंत नेता येतील. आपल्या वाटेनं ट्रॅक्टर येत नाही."

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "गाडी चालंल, त्याची मला खात्री हाय. पर थांबंल कशी, तेवढं इचारा त्याला."

त्या माउलीने नेमके वर्मावर बोट ठेवले. विजेचा पंप बसल्यावर पडून राहिलेले डिझेल इंजिन अनेक घरी आहे आणि असा उत्साही मुलगाही आहे. म्हणून आज याविषयी लिहितो.

हे वेड नवे नाही

पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश या भागांत शेतकऱ्यांनी पंपाचे इंजिन लाकडी-लोखंडी सांगाड्यावर बसवून गाड्या केल्या. त्यांना 'जुगाड' म्हणतात. सौराष्ट्रात मोटारसायकलचे तोंड आणि मागे हौदा असलेला 'छकडा' निघाला. अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ साली एनफिल्ड बुलेटला डिझेल इंजिन बसवले, मागचे एक चाक काढून दोन चाकांचा सांगाडा जोडला आणि त्याला शेतीची अवजारे लावली. ही 'बुलेट सांती' कोळपणी-पेरणी करते. तिला अमेरिकेतही पेटंट मिळाले. खेड्यातला कारागीर काय करू शकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

चालण्याचा हिशेब

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबून तापलेल्या हवेत डिझेल पेट घेते. इंजिन वजनाला जड आणि हादरे देणारे, पण कमी खर्चात नेटाने ओढणारे असते.

पाच अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे करते असे धरू. त्यावर चार इंची पुली आणि गिअरबॉक्सच्या बाजूला बारा इंची पुली लावली, तर फेरे ५०० होतात. वरच्या सरळ गिअरमध्ये ते तसेच पुढे जातात. डिफरन्शियलमध्ये साडेचार पटीने कमी होऊन चाकाला सुमारे १११ फेरे मिळतात. जीपचे चाक एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर जाते. म्हणजे ताशी वेग १५ किलोमीटरच्या आत राहतो. शेतवाटेला तो पुरे. मोठी पुली काढून लहान बसवण्याचा आणि वेग वाढवण्याचा मोह टाळावा.

थांबण्याचा हिशेब

बग्गी, चालक आणि माल मिळून ८०० किलो वजन धरा. दहा फुटांत एक फूट उतार असेल, तर गाडीला खाली ओढणारा जोर सुमारे ८० किलोचा असतो. ब्रेकची पकड त्याहून कमी पडली, तर गाडी थांबत नाही, उलट वेग घेते. उत्तरेकडील जुगाडांचे ब्रेक इतके कच्चे असत की, कोणीतरी खाली उडी मारून चाकाखाली लाकडाचा ठोकळा टाकी.

गिअरमध्ये असलेले इंजिन उतारावर गाडीला थोडे धरून ठेवते. पण पट्टा निसटला की तो आधार क्षणात सुटतो. म्हणून ब्रेक इंजिनाकडे नको, थेट चाकांवर हवा. त्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. जीपचे मूळचे चारही चाकांचे ब्रेक आधी दुरुस्त करावेत. हातब्रेक स्वतंत्र असावा.

२. इंजिन शक्य तितके खाली बसवावे. ते उंच ठेवले, तर बांधावर गाडी कलंडते. चालकाच्या डोक्यावर पक्क्या पाइपची कमान असावी.

३. पट्टा आणि पुलीवर जाळी बसवावी. साडीचा पदर, उपरणे किंवा लहान मुलाचा हात त्यात जाण्यास क्षणही लागत नाही.

४. उतारावर गाडी कधीही न्यूट्रल करू नये.

५. पूर्ण माल भरून हातब्रेकची परीक्षा घ्यावी. उताराच्या तळाशी, पुढे सपाट जागा असेल तेथे उभे करून पाहावे. गाडी जागची हलली, तर ती कामाला घेऊ नये.

सडक आपली नव्हे

जुगाड हे मोटार वाहनच आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. म्हणजे नोंदणी, परवाना आणि विमा यांचे नियम त्याला लागू होतात. विम्यावाचून सडकेवर अपघात झाला, तर भरपाईचा बोजा घरावर, प्रसंगी जमिनीवर येतो. तेव्हा बग्गी आपल्या शेतातच ठेवावी. तिच्यावर मजूर बायका आणि शाळेची मुले बसवू नयेत.

खट्टा बहाराच्या तोडणीला मी त्या वस्तीवर पुन्हा गेलो. बग्गीला इंजिन अजून बसायचे होते. मुलाने नुसत्या सांगाड्यात आठ पोती माती भरून ती चढाच्या पायथ्याशी हातब्रेकवर उभी केली होती. आई शेजारी खुरपे घेऊन बसली होती.

"सकाळपास्नं हलली न्हाई," ती म्हणाली. "आता बसव म्हनावं इंजिन."