केडगावची मुक्ती

पुण्याहून सोलापूरकडे जाताना दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागतं. पंडिता रमाबाईंनी इथे शंभरेक एकर माळ विकत घेतला तो फळबागेसाठी. पुण्यात त्या चालवत असलेल्या शारदा सदन या विधवांच्या शाळेला बागेच्या उत्पन्नाचा हातभार लागावा, एवढाच हिशेब होता. १८९६-९७च्या दुष्काळाने तो बदलला.

मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मरताहेत हे कळल्यावर रमाबाई तिकडे गेल्या. सरकारी मदतकेंद्रं पाहिली आणि त्यांच्या ध्यानात आलं की तरुण विधवांना नि पोरक्या मुलींना भुकेइतकंच भय माणसांचं आहे. तिथून त्यांनी सुमारे तीनशे जणींना आणलं. पुण्यात प्लेग होता, शहरात एवढी गर्दी ठेवायला परवानगी मिळेना. मग केडगावच्या माळावर त्यांची सोय झाली, आणि त्यातून ‘मुक्ती’ उभी राहिली. १९००च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

भूक रमाबाईंना ऐकून माहीत नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत कुटुंबासह तीर्थोतीर्थी फिरत. १८७४च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात ते, मग आई, मग थोरली बहीण, सगळे थोड्या काळात गेले. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. आईवडिलांना अंगमेहनतीचं काम येत नव्हतं आणि जातीचा नि विद्येचा अभिमान ते शिकू देत नव्हता, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. मला तर मुक्तीची सगळी घडण या कबुलीत दिसते. नुसत्या अन्नछत्रावर रमाबाईंचं समाधान झालं नसतं. इथे आलेली बाई जेवायची, अक्षरं गिरवायची आणि एखादं काम शिकायची: हातमाग, तेलघाणा, गोठा, शेती, छापखाना. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई, म्हणजे रमाबाईंची लेक, ब्रेल शिकवायच्या.

‘वाट चुकलेल्या’ म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं, त्याचं मूळ इंग्लंडात आहे. १८८३ मध्ये वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्याच काळात तिथल्या ख्रिस्ती भगिनी अशा बायकांना जवळ करतात हे त्यांनी पाहिलं. धर्मग्रंथांच्या वादात मुरलेल्या या विदुषीला शेवटी ओढलं ते या कामाने.

इकडे मात्र गहजब झाला. शारदा सदनात मुलींना ख्रिस्ताकडे वळवलं जातं, असा ‘केसरी’चा आरोप होता. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मुक्तीत तो प्रश्नच उरला नाही, ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. उपाशी मुलीने अन्नदात्याचा धर्म स्वीकारला तर ती निवड कितपत मोकळी, ही शंका आजही हसण्यावारी नेता येत नाही. पण ती काढणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या मुलींना आपल्या ओसरीवर घेतलं, हेही विचारलं पाहिजे. धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला तो शारदा सदनातल्याच एका विधवेशी, हे टीकेच्या धुरळ्यात विसरायला होतं.

अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, साध्यासुध्या बायकांना वाचता येईल अशा बोलीत. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. ५ एप्रिल १९२२ला, अनुवाद हातावेगळा झाल्यावर, रमाबाईही गेल्या. १९२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. छपाई मुक्तीच्याच छापखान्यातली, आणि तिथे खिळे जुळवायला बसत त्या मुक्तीतल्याच बायका.