एफवाय झालं, आता युनिव्हर्सिटी बदलू?

एफवायचा रिझल्ट लागला की वाशी, नेरूळ, खारघरच्या कॉलेज कट्ट्यांवर एक विषय हमखास निघतो. इथेच एसवाय करायचं की दुसरीकडे जायचं? एकीकडे मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेलं आपलं कॉलेज, दुसरीकडे एखाद्या खासगी किंवा अभिमत विद्यापीठाचं चकचकीत माहितीपत्रक. घरचे म्हणतात, 'वर्ष वाया नको घालवू.' मित्र म्हणतात, 'इथे प्लेसमेंटच नाही यार!' ऐका सगळ्यांचं, पण फॉर्म भरण्याआधी वही-पेन घेऊन बसा.

डिग्रीवर नाव कोणाचं?

संलग्न कॉलेजात शिकलात तर डिग्री मुंबई विद्यापीठाची मिळते. वाशीच्या कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेजसारखं स्वायत्त कॉलेज पेपर स्वतः काढतं, पण डिग्री विद्यापीठाचीच असते. नेरूळचं डी. वाय. पाटील हे अभिमत, तर पनवेलजवळच्या भाताणचं ॲमिटी हे खासगी विद्यापीठ. तिथे अभ्यासक्रम, परीक्षा आणि डिग्री सगळं त्यांचंच. त्यामुळे माहितीपत्रकावरचे फोटो बघण्यापेक्षा तुमच्या विषयाचा सिलॅबस आधी वाचा आणि तिथल्या टीवायच्या दोन-तीन मुलांशी बोला.

क्रेडिटचं गणित

नव्या शैक्षणिक धोरणामुळे 2021 मध्ये ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. डिजिलॉकरमधून खातं उघडलं की तुम्ही कमावलेले क्रेडिट तिथे जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. भारी आहे, पण दोन अटी लक्षात ठेवा.

पहिली, ज्या विद्यापीठाची डिग्री हवी तिथे किमान निम्मे क्रेडिट मिळवावे लागतात. आपल्याकडे वर्षाला 44 धरले तर तीन वर्षांचे 132 होतात, त्याचे निम्मे 66. एफवायनंतर गेलात तर नव्या ठिकाणी 88 मिळवायला वाव आहे. एसवाय संपवून गेलात तर उरतात फक्त 44. म्हणजे जायचंच असेल तर आत्ताच.

दुसरी, खात्यात क्रेडिट आहेत म्हणजे समोरचं विद्यापीठ ते सगळे घेईलच असं नाही. तुमचा मेजर-मायनर त्यांच्याशी जुळला नाही तर काही पेपर पुन्हा द्यावे लागू शकतात. त्यात एखादी केटी असेल तर आधी तिचा निकाल लावा.

फी आणि सवलती

फक्त ट्युशन फी बघू नका. परीक्षा फी, डिपॉझिट, प्रवास, सगळं जोडा. भाताणला जायचं तर पनवेलपुढे बस आली. मुलींनी आणखी एक गोष्ट तपासावी. राज्य सरकारच्या जुलै 2024 च्या निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. पण खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. तिकडे गेलात तर ही सवलत इथेच राहते. हे घरच्यांना आधी सांगा, फी भरल्यावर नको.

कागद आधी, निरोप नंतर

विद्यापीठ बदलताना टीसी, मायग्रेशन सर्टिफिकेट, मार्कशीट आणि नव्या ठिकाणची पात्रता असं सगळं लागतं. मायग्रेशन काढायला वेळ जातो, म्हणून चौकशी लवकर करा. किती क्रेडिट मान्य, कोणत्या सेमला प्रवेश, हे नव्या विद्यापीठाकडून लेखी घ्या. काउंटरवरचं 'हो जाएगा' पुरेसं नाही.

शेवटचा प्रश्न फक्त तुमच्यासाठी. नेमकं काय नकोय, कॉलेज, विषय की प्रवास? नुसतं कॉलेज नको असेल तर मुंबई विद्यापीठातलंच दुसरं कॉलेज बघा. सिलॅबस तोच, मायग्रेशनची भानगड नाही. विषय नको असेल तर विद्यापीठ बदलून तोच विषय घेण्यात काय अर्थ? आणि हे सगळं तपासूनही जावंसं वाटत असेल, तर बिनधास्त जा. फक्त नव्या ठिकाणचं पत्र हातात येईपर्यंत जुनी ॲडमिशन रद्द करू नका.