चोपडीत न लिहिलेले देणे

पेढीची पारख तिच्या जमाखर्चावरून करावी असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ आहे. परंतु काही देणी अशी असतात की ती कोणत्याच खतावणीत उतरत नाहीत आणि तरीही त्यांचे व्याज चढतच राहते. अमेरिकेतील जॉन्स-मॅनव्हिल या उष्णतारोधक साहित्याच्या विख्यात कंपनीचा इतिहास म्हणजे अशाच एका देण्याचा इतिहास होय. आपल्या संघाच्या सभासदांत बांधकाम-साहित्याचा व्यापार करणारे पुष्कळ असल्यामुळे तो येथे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ॲस्बेस्टॉस हे खाणीतून निघणारे तंतुमय खनिज. ते जळत नाही, सहसा कुजत नाही, आणि त्याचे तंतू सुतासारखे कातताही येतात. वाफेच्या युगात या गुणांचे मोल फार होते. बाष्पपात्रे, वाफेचे नळ, आगबोटींची यंत्रे या सर्वांस त्याचे वेष्टन चढू लागले. १८५८ साली न्यूयॉर्क येथे हेन्री वॉर्ड जॉन्स यांनी या द्रव्याच्या छपरांचा धंदा सुरू केला. १९०१ साली त्यांची पेढी विस्कॉन्सिनमधील मॅनव्हिल कंपनीशी एक झाली. पुढे कॅनडातील क्विबेक प्रांतातील ज्या मोठ्या खाणीवर या कंपनीची सत्ता होती, त्या खाणीभोवतीच्या गावाचे नावच ॲस्बेस्टॉस असे होते. मूळ संस्थापक जॉन्स हे १८९८ मध्ये वारले, आणि त्यांच्या मृत्यूचे कारण धुळीपासून जडणारा फुप्फुसाचा विकार असे सांगितले जाते. अपशकुन मानणाऱ्यांनी तेव्हाच सावध व्हावे असा हा प्रसंग होता.

या द्रव्याचे तंतू डोळ्यांस दिसणार नाहीत इतके सूक्ष्म असतात. श्वासाबरोबर ते फुप्फुसात जातात आणि तेथेच रुतून बसतात. फुप्फुस हळूहळू कठीण होते, दम लागू लागतो. या विकारास ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. याखेरीज फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसावरणाचा मेसोथेलिओमा नावाचा असाध्य कर्करोगही त्यातून उद्भवतो. यातील घातक गोष्ट ही की रोग प्रकट होण्यास बहुधा वीस ते चाळीस वर्षे लागतात. आपल्या कर्मसिद्धांतात बंध आणि उदय यांमधील काळास अबाधाकाल म्हणतात. त्या काळात कर्म सत्तेत असते, पण फळ दाखवीत नाही. या धुळीचे तसेच आहे.

हे कोणास ठाऊक नव्हते काय? १९३० साली ब्रिटनमध्ये मेरेवेदर व प्राइस यांचा सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला, आणि पुढल्याच वर्षी तेथे धुळीच्या नियंत्रणाचे नियम झाले. अमेरिकेतील कारखानदारांसही ही वार्ता पोचली होती. १९३५ मध्ये या धंद्याच्या ‘ॲस्बेस्टॉस’ नावाच्या मासिकाने रोगाविषयी काही छापावे काय, अशी पृच्छा रेबेस्टॉस-मॅनहॅटन कंपनीचे अध्यक्ष समनर सिम्प्सन यांच्याकडे केली. यापूर्वी मालकांच्या इच्छेस मान देऊन मासिक मौन पाळून होते. या विषयाची वाच्यता जितकी कमी तितके बरे, असा अभिप्राय सिम्प्सन यांनी जॉन्स-मॅनव्हिलचे वकील व्हँडिव्हर ब्राउन यांस कळविला, आणि ब्राउन यांनी त्यास संमती दिली. १९४९ मध्ये कंपनीच्याच वैद्यकीय अधिकाऱ्याने असे लिहून ठेवले की, ज्या कामगारांच्या क्ष-किरण चित्रांत दोष दिसतो परंतु ज्यांस अद्याप त्रास नाही, त्यांस ते सांगू नये. मध्यंतरी महायुद्धात गोद्यांतून काम करणाऱ्या असंख्य लोकांनी हीच धूळ श्वासात घेतली होती.

१९६४ साली डॉ. आयर्व्हिंग सेलिकॉफ यांनी न्यूयॉर्क व न्यू जर्सी येथील वेष्टन-कामगारांची तपासणी प्रसिद्ध केली. तेव्हा झाकलेले उघडे पडले. १९७३ मध्ये टेक्सस येथील एका कामगाराच्या दाव्यात, धोक्याची सूचना न देणारा उत्पादक भरपाईस पात्र ठरतो, असा निर्णय अपील न्यायालयाने दिला. पुढे सिम्प्सन यांची जुनी पत्रेही न्यायालयासमोर आली. दाव्यांची रीघ लागली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी, सुमारे १६,५०० दावे डोक्यावर असताना, जॉन्स-मॅनव्हिलने दिवाळखोरी कायद्याचा आश्रय घेतला. ज्याच्यापाशी देण्यास काही उरले नाही त्याने दिवाळे काढावे, असे आपण समजतो. येथे दोन अब्ज डॉलरांहून अधिक मालमत्ता असलेली कंपनी पुढे येणाऱ्या देण्याच्या भयाने न्यायालयाच्या दारी गेली.

१९८८ मध्ये पीडितांसाठी एक न्यास स्थापन होऊन कंपनी त्या कचाट्यातून बाहेर पडली. तिच्या भागभांडवलाचा मोठा हिस्सा त्या न्यासाकडे गेला. म्हणजे ज्यांची फुप्फुसे गेली त्यांच्याच विश्वस्तांच्या हाती मालकी आली. पण दावेदार अंदाजापेक्षा कितीतरी अधिक निघाले. १९९० मध्ये न्यासाची रोकड संपली. १९९५ पासून ठरलेल्या रकमेच्या शेकडा दहा आणि २००१ मध्ये शेकडा पाच इतकेच देणे भाग पडले. त्याच वर्षी बर्कशायर हॅथवे या कंपनीने जॉन्स-मॅनव्हिल विकत घेतली. पेढीचे नाव टिकले. रुपयातले पाच पैसे हाती पडलेल्या विधवांचे काय, हा प्रश्नही टिकला.

पन्नासांहून अधिक देशांनी या द्रव्यावर बंदी घातली आहे. आपल्या देशात ती नाही. आयात केलेल्या ॲस्बेस्टॉसचे सिमेंटचे पत्रे आजही गोदामांतून विकले जातात. २७ जानेवारी १९९५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या धंद्यातील कामगारांच्या आरोग्याची नोंद कामास लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा काम सुटल्यावर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत, ठेवण्याचा, आणि रोग सिद्ध झालेल्यास एक लाख रुपये देण्याचा आदेश दिला. धंद्याच्या चोपडीत माणसाच्या श्वासाचेही खाते उघडावे, असाच त्याचा आशय आहे.

गृहस्थ श्रावकास उद्योगातील हिंसा सर्वस्वी टाळता येत नाही, हे आपले आचार्य जाणतात. म्हणूनच त्यांनी प्रमादावर बोट ठेविले. अजाणता घडलेले एक आणि जाणूनबुजून डोळे मिटल्याने घडलेले दुसरे. जॉन्स-मॅनव्हिलची खाण हा तिचा अपराध नव्हता. आपल्या माणसांपासून लपविलेले ज्ञान हा होता. आणि त्या मौनात व्यापाऱ्यांचे स्वतःचे नियतकालिकही सामील होते, हे आम्हांस या स्मरणिकेच्या पानावर विशेष बोचते.

तेव्हा आमची विनंती साधी आहे. पत्रे विकणाऱ्या सभासदांनी ते कशाचे आहेत हे गिऱ्हाइकास आपण होऊन सांगावे. या तंतूवाचून बनणारे पत्रे आता मिळतात. ते दुकानात ठेवावेत आणि प्रथम तेच दाखवावेत. जुना पत्रा कोरडा कापू अगर फोडू नये, त्याची धूळ कोरड्या केरसुणीने झाडू नये, हे हमालांस व सुतारांस समजावून द्यावे. यात कदाचित एखादा सौदा हातचा जाईल. तो खर्ची घालावा. चाळीस वर्षांनी आपल्या नातवांच्या नावे पडणाऱ्या देण्यापेक्षा तो खचित स्वस्त पडेल.