दुसरी प्रत आहे, पण ती वेळेवर उभी राहील का?

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजाराचे अर्थात एनएसईचे व्यवहार ठप्प झाले. फोर्टातील दलालांच्या पेढ्यांपासून गिरगाव, दादरमधील उपदलालांच्या लहान कार्यालयांपर्यंत सर्वत्र पडद्यावरचे भाव जागच्या जागी थिजले. दुसऱ्याच दिवशी महिन्याच्या वायदे सौद्यांची समाप्ती होती. दलाल स्ट्रीटवरील मुंबई शेअर बाजार सुरू असल्याने अनेक दलालांनी ग्राहकांचे दिवसाचे सौदे तिथे, मिळेल त्या भावाने, मिटवून टाकले. एनएसईचे व्यवहार दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू होऊन पाच वाजेपर्यंत चालले. पण तोवर ज्यांचे सौदे मिटले होते, त्यांना त्या वाढीव वेळेचा उपयोग उरला नव्हता.

एनएसईकडे दुसरी यंत्रणा नव्हती, असे मुळीच नव्हे. मुख्य केंद्र वांद्रे-कुर्ला संकुलात, जवळचे पर्यायी केंद्र कुर्ल्यात आणि दूरचे आपत्कालीन केंद्र चेन्नईत, अशी तिहेरी व्यवस्था होती. बाजाराने पुढच्या महिन्यात दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, रस्त्यावरील खोदकाम व बांधकामामुळे मुंबईतील दोन केंद्रांना जोडणारे दूरसंचार दुवे तुटले आणि अशा प्रसंगातही सुरू राहणे अपेक्षित असलेली साठवण यंत्रणा अनपेक्षितपणे थांबली. त्यामुळे जोखीम व्यवस्थापनाची यंत्रणा बंद पडली. व्यवहार चेन्नईतून मात्र सुरू झाले नाहीत. दुसरी प्रत असणे आणि ती वेळेवर कामाला लागणे, या दोन गोष्टींमधील अंतर त्या चार तासांत दिसले.

हा प्रश्न केवळ शेअर बाजाराचा नाही. सहकारी बँकेतील खाती, रुग्णालयातील केसपेपर, महाविद्यालयातील गुणपत्रिका हे सारे आज डेटाबेसमध्ये असते आणि असे असंख्य डेटाबेस आता व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे आभासी संगणकावर चालतात.

चाळ आणि खोल्या

आभासी संगणक म्हणजे काय, हे गिरगावातल्या चाळीवरून समजून घेता येईल. इमारत एक, खोल्या अनेक. प्रत्येक बिऱ्हाडाचा संसार स्वतंत्र. मात्र जिना, पाण्याची टाकी आणि पाया सामाईक. त्याचप्रमाणे एका मोठ्या सर्व्हरवर हायपरव्हायजर नावाचे सॉफ्टवेअर अनेक आभासी संगणक चालवते. प्रत्येकाला वाटते की सर्व्हर आपल्या एकट्याचाच आहे.

या रचनेचा मोठा लाभ असा, की खोली उचलून दुसऱ्या इमारतीत नेता येते. एखादा सर्व्हर बंद पडला, तर त्याची हजेरी लागत नसल्याचे इतरांच्या लक्षात येते आणि त्यावरील आभासी संगणक दुसऱ्या सर्व्हरवर आपोआप नव्याने सुरू होतात. यालाच ‘उच्च उपलब्धता’ म्हणतात. परंतु त्यासाठी दोन्ही सर्व्हरना एकच साठवण यंत्रणा उपलब्ध असावी लागते. चाळीची टाकीच फुटली, तर खोली बदलून पाणी मिळत नाही.

कीर्द आणि खतावणी

शिवाय आभासी संगणक सुरू झाला म्हणजे डेटाबेस सुरू झाला, असे होत नाही. जुन्या पेढीवरचा मुनीम प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहीत असे आणि सवडीने खतावणीत चढवीत असे. डेटाबेसही तसेच करतो. व्यवहाराची नोंद आधी ‘लॉग’मध्ये होते, मूळ तक्त्यांत ती नंतर उतरते. वीज अचानक गेली, तर पुन्हा सुरू होताना डेटाबेस लॉग वाचतो, पूर्ण झालेले व्यवहार खतावणीत चढवतो आणि अर्धवट राहिलेले रद्द करतो. डेटाबेस मोठा व कामाचा भार जास्त असेल, तर यात बराच वेळ जाऊ शकतो.

याच कारणामुळे चालू आभासी संगणकाचे ‘स्नॅपशॉट’, म्हणजे त्या क्षणाचे चित्र, घेऊन निश्चिंत होणे धोक्याचे आहे. कीर्द आणि खतावणी वेगवेगळ्या डिस्कवर असतील आणि दोहोंचे चित्र वेगवेगळ्या क्षणी टिपले गेले, तर त्या चित्रातून हिशेब जुळेलच असे नाही. डेटाबेसला पूर्वसूचना देऊन, त्याच्याच पद्धतीने घेतलेली प्रत हीच विश्वासार्ह.

म्हणून महत्त्वाच्या डेटाबेससाठी आणखी एक पायरी असते. कीर्दीचे प्रत्येक पान लिहिताक्षणीच दुसऱ्या आभासी संगणकावरील डेटाबेसकडे पाठवायचे आणि तिथली खतावणीही अद्ययावत ठेवायची. मुख्य डेटाबेस कोसळला, तर हा दुसरा अल्पावधीत त्याची जागा घेतो. मात्र दोन्ही खोल्या एकाच चाळीत असता कामा नयेत. हायपरव्हायजर भार समतोल राखण्यासाठी आभासी संगणकांना आपणहून इकडून तिकडे हलवू शकतो. स्पष्ट नियम घालून दिला नसेल, तर मूळ आणि प्रत दोन्ही एकाच सर्व्हरवर येऊन बसण्याची शक्यता असते.

मुंबईचे पाणी, मुंबईची वीज

सर्व्हर बदलून भागते ते यंत्र बिघडल्यावर. इमारतच संकटात सापडली, तर दुसरे ठिकाण हवे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा कुलाब्यात शंभर मिलिमीटरही पाऊस झाला नव्हता. उलट ५ ऑगस्ट २०२० रोजी मारा दक्षिण मुंबईवर होता. कुलाब्यात वाऱ्याचा वेग ताशी १०६ किलोमीटरपर्यंत गेला, जे. जे. रुग्णालयात पाणी शिरले. हिंदमाता आणि परळच्या सखल भागात तर जोराची सर आणि भरती एकत्र आली की काय होते, हे तिथल्या रहिवाशांना सांगावे लागत नाही. अशा भागात जनरेटर आणि बॅटऱ्या तळघरात ठेवणाऱ्या कार्यालयाने वरच्या मजल्यावरचा सर्व्हर सुरक्षित समजणे चुकीचे ठरते.

पावसाच्या बाबतीत काही किलोमीटरचे अंतर उपयोगी पडू शकते. विजेच्या बाबतीत तशी खात्री नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा वीजपुरवठा एकदमच खंडित झाला. लोकल जागीच थांबल्या. शेअर बाजारांचे व्यवहार त्या दिवशी सुरू राहिले, कारण त्यांच्याकडे पर्यायी वीज होती. परंतु परळच्या कार्यालयाची प्रत नवी मुंबईत ठेवणाऱ्याने दोन्ही ठिकाणे एकाच वेळी अंधारात जाऊ शकतात, हे गृहीत धरले पाहिजे.

अंतराची किंमत

मग प्रत हजार किलोमीटरवर का ठेवू नये? ठेवावीच, पण अंतराची किंमत असते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. फोर्ट ते परळ हे अंतर त्याला नगण्य. मुंबई ते चेन्नई हे अंतर सरळ रेषेत सुमारे एक हजार किलोमीटर आहे. म्हणजे जाऊन येण्यास किमान १० मिलिसेकंद, आणि तारांचे वळणावळणाचे मार्ग धरता प्रत्यक्षात त्याहून अधिक. प्रत्येक नोंदीची पोच चेन्नईहून आल्यावरच पावती द्यायची ठरवली, तर एकामागोमाग एक होणारे व्यवहार सेकंदाला शंभरापलीकडे जाऊ शकत नाहीत.

यातून दोन पद्धती निघाल्या. जवळच्या केंद्राशी पोच येईपर्यंत थांबण्याची पद्धत. तिच्यात पावती मिळालेला एकही व्यवहार गमवावा लागत नाही. आणि दूरच्या केंद्राकडे न थांबता नोंदी पाठवत राहण्याची पद्धत; तिच्यात वेग टिकतो, मात्र आपत्तीच्या क्षणी शेवटच्या काही नोंदी वाटेतच राहू शकतात. किती काळाच्या नोंदी गमावणे परवडेल आणि किती वेळात काम पुन्हा सुरू व्हायला हवे, हे दोन आकडे प्रत्येक संस्थेने आधीच ठरवायचे असतात. बाकीचा खर्च त्यांवर अवलंबून असतो.

निर्णय कोणाचा?

दोन केंद्रांमधला दुवा तुटला, की आणखी एक पेच उभा राहतो. समोरचे केंद्र खरोखर बंद पडले आहे की फक्त तार तुटली आहे, हे कोणत्याच केंद्राला कळत नाही. दोघांनीही स्वतःला मुख्य समजून नोंदी घ्यायला सुरुवात केली, तर दोन वेगवेगळ्या खतावण्या तयार होतात आणि त्यांचा मेळ घालणे अत्यंत अवघड होते. यावर उपाय म्हणून तिसऱ्या ठिकाणी एक साक्षीदार संगणक ठेवतात. ज्या केंद्राच्या बाजूने तो असेल तेच काम करते, दुसरे स्वतःहून थांबते. या साक्षीदाराच्या तारा त्याच खोदलेल्या रस्त्याखालून जात नाहीत ना, हेही पाहावे लागते.

दूरच्या केंद्रावर जायचे की नाही, हा निर्णय मात्र बहुधा माणसांकडे असतो आणि तिथेच वेळ जातो. ‘पाच मिनिटांत होईल’ या आशेवर तास निघून जातात. एनएसईच्या घटनेनंतर मार्च २०२१ मध्ये सेबीने बाजारांसाठी कालमर्यादाच आखून दिली. महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास ३० मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करायची, त्यानंतर ४५ मिनिटांत काम पूर्ववत करायचे आणि १५ मिनिटांहून अधिक काळाच्या नोंदी गमवायच्या नाहीत. निर्णय घड्याळाला बांधला गेला.

चुकीचीही प्रत होते

अद्ययावत प्रतीची एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. मुख्य डेटाबेसमध्ये चुकून पुसलेली नोंद क्षणार्धात प्रतीतूनही पुसली जाते. त्यासाठी वेगळी, जुन्या तारखेची, शक्यतो जाळ्यापासून तोडून ठेवलेली राखीव प्रत लागते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या कर्मचाऱ्याने चुकून मुख्य डेटाबेसच पुसला. बचावाच्या पाच पद्धती कागदावर होत्या; ऐनवेळी एकही नीट चालली नाही. सहा तासांपूर्वी अन्य कामासाठी घेतलेली प्रत सापडली, म्हणून बाकीचे वाचले. दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी माहिती केंद्राला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाइटचा साठा त्यात जळाला. त्याची बाहेर प्रतच नव्हती.

रंगीत तालीम

२ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, दोन्ही शेअर बाजारांनी विशेष सत्र घेतले. सकाळी सव्वानऊ ते दहा मुख्य केंद्रातून आणि साडेअकरा ते साडेबारा आपत्कालीन केंद्रातून, खऱ्या सौद्यांसह व्यवहार झाले. १८ मे २०२४ रोजी असेच सत्र पुन्हा झाले.

एवढा खटाटोप लहान संस्थेला झेपणार नाही, हे खरे. पण दादरच्या पतपेढीला किंवा लालबागच्या रुग्णालयाला वर्षातून एखाद्या रविवारी मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करून पाहता येतो. दुसऱ्या प्रतीवर काम किती वेळात सुरू झाले, शेवटची कोणती नोंद त्यात सापडली, राखीव प्रतीतून डेटाबेस प्रत्यक्षात उभा राहिला का आणि मुख्य तंत्रज्ञ रजेवर असताना हे सारे कोण करणार, या चार प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवायला मोठा खर्च येत नाही. ती उत्तरे पावसाळ्यापूर्वी मिळालेली बरी.