गाडीचा ओटा वाढवताना

कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर नवीन जालना. इथे चहा-नाश्त्याची गाडी लावणाऱ्याला सर्वांत जास्त चणचण भासते ती ओट्याची. शेगडी, कढई आणि पिठाचं पातेलं मांडलं, की कांदा चिरायला हातभर जागाही उरत नाही.

पहिला उपाय घडीच्या फळीचा. गाडीच्या बाजूला बिजागऱ्यांवर फळी बसवा, खालून दोन घडीचे ब्रॅकेट द्या. काम संपलं की खाली दुमडा. दुसरा, ओट्याखालून ड्रॉवरसारखी ओढायची सरकती फळी. तिसरा, सिंकवर नेमकं बसणारं सपाट झाकण.

जालन्याचं पोलाद बांधकामाच्या सळयांसाठी प्रसिद्ध आहे. ओट्याला मात्र ३०४ दर्जाचा स्टेनलेस पत्रा घ्यावा. तो सहसा गंजत नाही, पुसला की स्वच्छ होतो. त्याखाली १८ मिलिमीटरचं जलरोधक प्लायवुड असावं.

फळी शेगडीपासून लांब लावा. गॅसची नळी आणि रेग्युलेटर तिच्याआड जाऊ देऊ नका. जड पातेली मूळ ओट्यावरच ठेवा, फळीवर फक्त चिरणं आणि वाढणं. सगळा भार एका बाजूला गेला तर गाडी कलते. एवढं सांभाळलं, तर ही हातभर जागा दिवसभराची दगदग वाचवते.