चार लिटरचा हिशेब

आयुष्यभर आकड्यांशी सोयरीक केलेल्या माणसाला आकडा कधी खोटे बोलत नाही असे वाटू लागते. बँकेच्या नोकरीत मलाही तसेच वाटत असे. आकडा खोटे बोलत नाही हे खरेच, पण तो अर्धेच बोलतो. हे मला एका जुन्या फियाट गाडीने शिकवले.

१९९६ साल. माझी बदली कोल्हापूरला झाली होती. आईला उपचारांसाठी आठवड्यातून दोनदा मिरजेला न्यावे लागे. मला शाखा सोडून निघता येत नसे, म्हणून एक ड्रायव्हर ठेवला. पंचविशीतला, अबोल पोरगा. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर. लिटरला अकराच्या आसपास अॅव्हरेज, म्हणजे नऊ लिटर पेट्रोल. सवयीप्रमाणे मी वहीत नोंद ठेवी. तीन-चार महिन्यांत नवाचे दहा झाले, मग अकरा आणि शेवटी तेरा. चार लिटरचा हिशेब लागेना.

मध्यंतरी तो एकदा म्हणाला होता, "साहेब, गाडीत पेट्रोलचा लई वास येतोय. आईसाहेबांचं डोकं उठतंय." मला वाटले, वास येणारच, डिकीत डबा असेल! जवळच्या गॅरेजवाल्याने कार्ब्युरेटरचा एक स्क्रू फिरवून "झालं काम" म्हटले आणि माझा संशय पक्का झाला. एका शनिवारी मी वही उघडून त्याच्यासमोर ठेवली. चोर हा शब्द मी उच्चारला नाही. त्याची गरजच नव्हती. त्याने वहीकडे पाहिले, गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला. त्या महिन्याचा पगारही मागितला नाही.

पुढच्या खेपेला रजा टाकून मीच गाडी चालवली. परत आल्यावर टाकी भरली. तेरा लिटर!

दुसऱ्या दिवशी गाडी उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी एक्झॉस्टच्या नळीत बोट फिरवले, ते काजळीने माखले. मग स्पार्क प्लग काढून माझ्या हातावर ठेवला. नीट चालणाऱ्या इंजिनाचा प्लग फिकट तपकिरी असतो. हा चुलीतल्या कोळशासारखा काळा आणि कोरडा होता. "साहेब, मिश्रण रिच झालंय. गाडीच पेट्रोल पितीया," ते म्हणाले.

रिच म्हणजे श्रीमंत. पण ही श्रीमंती अशी, की पेट्रोल उदंड आणि ते जाळायला हवा अपुरी. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. ती कमी पडली की पेट्रोल अर्धवट जळते, काळा धूर निघतो आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाढतो. त्याला स्वतःचा वास नसतो, पण त्याने डोके दुखते. बंद जागेत तो कोंडला तर जीवही जातो. आमच्या गाडीचा तळ ठिकठिकाणी गंजला होता. आईच्या डोकेदुखीचा अर्थ तेव्हा माझ्या ध्यानात आला आणि अंगावर काटा आला.

मिस्त्रींनी घाई केली नाही. आधी चोक पाहिला. थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणारी ती झडप नंतर पुरती उघडते ना? उघडत होती. एअर फिल्टर धुळीने भरला होता, तो बदलला. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. आधीच्या गॅरेजवाल्याने फिरवलेला स्क्रू फक्त गाडी उभ्याने चालू असतानाचे मिश्रण ठरवतो. रस्त्यावरच्या पेट्रोलशी त्याचा फारसा संबंध नाही. मग त्यांनी इंजिन बंद करून कार्ब्युरेटरच्या तोंडात बॅटरीचा झोत टाकला. आत पेट्रोल थेंबथेंब ठिबकत होते.

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची एक छोटी वाटी असते. तिच्यात पोकळ फ्लोट तरंगतो. वाटी भरली की तो वर येऊन सुईसारख्या व्हॉल्व्हने पेट्रोल बंद करतो. पाण्याच्या टाकीतल्या चेंडूसारखेच. मिस्त्रींनी आमचा पितळी फ्लोट काढून माझ्या कानाशी हलवला. आत डुचमळत होते! मग तो गरम पाण्यात बुडवला, तेव्हा सांध्यापाशी बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. तिथे टाचणीच्या टोकाएवढे भोक होते. त्यातून पेट्रोल आत शिरून फ्लोट जड झाला होता, त्यामुळे पेट्रोल बंदच होत नव्हते. डाग देऊ का, असे मी विचारले. ते हसले. आत पेट्रोल असलेल्या वस्तूला आच दाखवायची नसते, आणि डागाचे वजन वाढले तर फ्लोट पुन्हा जड! नवा फ्लोट आणि नवी सुई बसवली. पुढच्या खेपेला सव्वानऊ लिटर लागले. आईचे डोके दुखले नाही.

त्याच संध्याकाळी पत्ता शोधत मी ड्रायव्हरच्या घरी गेलो. पगाराचे पाकीट पुढे केले आणि जे बोलायचे ते बोललो. त्याच्या आईने चहा दिला. त्याने पाकीट घेतले, पण कामावर यायला नकार दिला. त्याला ट्रकवर काम मिळाले होते. मी उठलो तेव्हा त्याने एवढेच विचारले, "आईसाहेबांचं डोकं थांबलं का?"

आता नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर नाही. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सतत खबर देतो आणि त्यावरून संगणक पेट्रोल मोजून सोडतो. मिश्रण रिच झाले की दिवा लागतो, स्कॅनरवर 'पी ०१७२' असा संकेत उमटतो. मग पुष्कळ ठिकाणी आधी तो सेन्सरच बदलतात. दोष बहुधा दुसरीकडे असतो. इंजेक्टर गळत असतो, फिल्टर तुंबलेला असतो, किंवा इंजिन तापले तरी ते थंडच आहे असे तापमानाचा सेन्सर सांगत असतो. सेन्सरने फक्त बातमी आणलेली असते.

त्या पोरानेही बातमीच आणली होती. माझ्या वहीत लिटर आणि किलोमीटर यांचे दोनच रकाने होते. त्याने सांगितलेला वास लिहायला तिसरा रकाना नव्हता.