नमाजाची जागा आणि भिंतीवरचे चित्र

अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डीतून किबला, म्हणजे नमाजाची दिशा, पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कलून येतो. त्यामुळे दुकानात किंवा गोदामात नमाज पढायचा तर पश्चिमेची भिंत महत्त्वाची. तिच्यावर मोहटादेवीचा फोटो, पुढाऱ्याची छबी असलेली दिनदर्शिका किंवा वाडवडिलांची तसबीर असली, की तिथे नमाज होतच नाही, असा समज सर्रास आढळतो. महाराष्ट्रातील बहुतेक सुन्नी मुसलमान ज्या हनफी परंपरेने चालतात (कोकणात शाफई अधिक), तिच्या मते नमाजाच्या अटी पूर्ण झाल्या तर नमाज बाद होत नाही. तो मकरूह, म्हणजे नापसंत, ठरतो.

नापसंतीलाही पायऱ्या आहेत. बाराव्या शतकातील मरघीनानी यांच्या 'हिदाया' ग्रंथानुसार सजीवाचे चित्र समोर असणे सर्वांत वाईट. त्यानंतर डोक्यावर, उजवीकडे, डावीकडे आणि शेवटी पाठीमागे. चित्र पायाखाली असेल, दुरून ओळखू येणार नाही इतके लहान असेल किंवा त्याला डोकेच नसेल, तर हरकत उरत नाही. म्हणजे शास्त्राचा रोख चित्रापेक्षा त्याला दिल्या जाणाऱ्या मानाच्या जागेवर आहे; मूर्तिपूजेशी साम्य दिसू नये, हे त्यामागचे कारण.

चित्रांवरची बंदी थेट कुरआनात आहे, हाही गैरसमजच. कुरआन मूर्तिपूजा निषिद्ध मानतो. चित्रांचे तपशीलवार नियम हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींमधून, येतात. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्या घरातील चित्रांचा पडदा नमाजात सतत डोळ्यांपुढे येतो, म्हणून पैगंबरांनी तो काढायला सांगितला, असे बुखारींच्या हदीससंग्रहात आहे. तो नमाज त्यांनी पुन्हा पढल्याचा उल्लेख मात्र त्यात नाही.

झाडे, वेलबुट्टी, इमारती यांना हा नियम लागत नाही. चित्रकारीवर पोट असलेल्या माणसाला पैगंबरांचे सहकारी इब्न अब्बास यांनी झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याचा सल्ला दिला होता. अहिल्यानगरच्या सोळाव्या शतकातील दमडी मशिदीचे नक्षीदार दगडकाम याच चौकटीत बसते. काबाचे चित्र असलेली जानमाज (नमाजाची चटई) हीही चालते. लक्ष विचलित होते म्हणून साधी बरी, एवढेच. मात्र अहिल्यानगरच्याच निजामशाहीत 'तारीफ-इ-हुसेनशाही' या हस्तलिखितात राजाराणीची चित्रे रंगवली गेली. दरबारी पोथी ही मशिदीची भिंत नव्हे, हा भेद तेव्हाही होता.

छायाचित्राबाबत मात्र उलेमांचे एकमत नाही. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी ते सावली धरून ठेवण्यासारखे मानून मुभा दिली. देवबंदच्या अनेक विद्वानांनी ती नाकारली. पण छायाचित्र काढण्याची मुभा मिळाली म्हणून समोर टांगण्याची मिळाली, असे होत नाही. उलट खिशातल्या नोटेवरील गांधीजींच्या चित्राने नमाजाला बाध येत नाही, कारण ते झाकलेले असते. भिंतीवरच्या तसबिरीलाही हाच उपाय: वर कापड टाकावे किंवा जागा बदलावी. दुसऱ्याच्या घरातली तसबीर उतरवायला लावण्याची गरज पडत नाही.